हृदय यंत्राच्या हवाली, पाय कोणाच्या?

जांघेतल्या धमनीत साडेपाच-सहा मिलिमीटर जाडीची नळी सरकवली की पायाकडे जाणारा रक्ताचा रस्ता बराचसा भरून जातो. प्रौढ पुरुषाची ही धमनी साधारण सात ते दहा मिलिमीटर रुंद असते, लहान चणीच्या बाईची अनेकदा त्याहून अरुंद. हृदय बंद पडत चाललेल्या रुग्णाला एक्मोवर, म्हणजे शरीराबाहेर पंप आणि कृत्रिम फुफ्फुसातून रक्त फिरवणाऱ्या यंत्रावर, घेतात तेव्हा ही नळी त्याला जिवंत ठेवते, आणि हीच नळी काही तासांत त्याच्या पोटरीचे स्नायू मारू शकते. हे अकल्पित नाही, विरळाही नाही, आणि बऱ्याच अंशी टाळता येते. म्हणूनच असे घडल्यावर ‘एवढ्या मोठ्या संकटातून जीव वाचला, आता पायाचं काय घेऊन बसलात’ असे म्हणून विषय मिटवणे मला मान्य नाही.

हा प्रश्न कधी उभा राहिला ते आधी पाहू. पश्चिम लंडनमधल्या ईलिंगच्या पूर्वेला ॲक्टन संपते न संपते तोच ड्यू केन रोडवर हॅमरस्मिथ हॉस्पिटल लागते. ब्रिटनचे स्वतःचे हृदय-फुफ्फुस यंत्र या रुग्णालयात घडले. फिरत्या चकत्यांवर रक्ताचा पातळ थर पसरवून त्याला प्राणवायू देणारे यंत्र डेनिस मेलरोझ यांनी तयार केले आणि १९५३ साली ते इथे रुग्णावर वापरले गेले. त्याच वर्षी ६ मे रोजी फिलाडेल्फियात जॉन गिबन यांनी आपल्या यंत्राच्या आधाराने एका तरुणीच्या हृदयातले छिद्र बुजवले होते. १९५९ मध्ये हॅमरस्मिथची तुकडी मेलरोझ यंत्र घेऊन मॉस्कोला गेली आणि तिथल्या सर्जनांना त्यावर शस्त्रक्रिया करून दाखवल्या. पण ही सगळी यंत्रे शस्त्रक्रियेच्या टेबलापुरती होती. त्यांचे काम तासांत मोजले जाई आणि नळ्या त्याच टेबलावर निघत. १९७१ मध्ये कॅलिफोर्नियात डॉ. डोनाल्ड हिल यांनी अपघातात फुफ्फुसे निकामी झालेल्या एका तरुणाला ७५ तास यंत्रावर ठेवून वाचवले. १९७५ मध्ये रॉबर्ट बार्टलेट यांनी एका नवजात मुलीला असेच तारले. यंत्र टेबलावरून खाटेशेजारी आले, तासांचे दिवस झाले, आणि पायाचा प्रश्न तिथून खऱ्या अर्थाने सुरू झाला.

ईलिंगचे स्वतःचे रुग्णालय अक्सब्रिज रोडवर साउथॉलमध्ये आहे. तिथे एक्मो नाही. ब्रिटनमध्ये ही सोय मोजक्या केंद्रांत एकवटली आहे, आणि ते योग्यच आहे. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या ‘सीझर’ चाचणीत १८० रुग्ण होते. लेस्टरच्या ग्लेनफील्ड केंद्राकडे एक्मोसाठी पाठवलेल्यांपैकी ६३ टक्के सहा महिन्यांनंतर गंभीर अपंगत्वाशिवाय जिवंत होते. नेहमीच्या उपचारांवर ठेवलेल्यांत हे प्रमाण ४७ टक्के होते. त्यानंतर इंग्लंडमध्ये फुफ्फुसांच्या एक्मोसाठी ठरावीक केंद्रे नेमली गेली. लंडनमध्ये रॉयल ब्रॉम्प्टन आणि सेंट थॉमस ही त्यांतली दोन. ईलिंगमध्ये कोणाला मोठा हृदयविकाराचा झटका आला तर रुग्णवाहिका त्याला बहुधा हॅमरस्मिथला किंवा हिलिंग्डनमधल्या हेअरफील्डला नेते. फुफ्फुसे कोलमडली तर एक्मो केंद्राची तुकडी यंत्र घेऊन रुग्णापाशी येते, तिथेच नळ्या घालते आणि मग त्याला घेऊन जाते.

एक्मोचे दोन प्रकार वेगळे ओळखले पाहिजेत, कारण पायाचा धोका दोन्हीत सारखा नाही. फक्त फुफ्फुसांना आधार द्यायचा असेल तर रक्त शिरेतून काढतात आणि शिरेतच परत सोडतात. त्यात धमनीला हात लागत नाही. पायात सूज येते, नळीभोवती शिरेत गुठळी होते, पण पाय उपाशी राहण्याचा धोका कमी. हृदयालाही आधार हवा असेल तेव्हा रक्त जांघेतल्या शिरेतून काढून, पंप आणि कृत्रिम फुफ्फुसातून फिरवून, जांघेतल्याच धमनीत दाबाने परत सोडतात. ते रक्त वर, महाधमनीकडे जाते. नळीचे तोंडच त्या दिशेला असते. मेंदू, मूत्रपिंडे, आतडी यांना रक्त मिळते. नळीच्या खालचा पाय मात्र नळी आणि धमनीची भिंत यांच्यामधल्या फटीतून जे झिरपेल त्यावर जगतो. पाटाच्या तोंडाशी दगड बसल्यावर खालच्या वाफ्याचे होते तसे. त्यात रुग्ण आधीच शॉकमध्ये असतो. रक्तदाब टिकवायला दिलेले नॉरॲड्रेनॅलिन हातापायांच्या वाहिन्या आणखी आवळते. त्याच जांघेत शिरेचीही जाड नळी असेल तर परतीचा रस्ताही अडतो.

स्नायू आणि चेतातंतू रक्ताविना साधारण सहा तास तग धरतात. त्यानंतर हानी कायमची होऊ लागते. रक्त परत सुरू झाले तरी संकट टळत नाही. उपाशी राहिलेली पोटरी सुजते, आणि पोटरीतले स्नायूंचे चार कप्पे न ताणणाऱ्या आवरणात बंद असल्यामुळे आतला दाब वाढून उरलासुरला रक्तपुरवठाही बंद होतो. मग ती आवरणे उभी चिरून मोकळी करावी लागतात. मेलेल्या स्नायूंतून सुटलेली द्रव्ये मूत्रपिंडे बंद पाडतात. शेवटी जीव वाचवायला पाय कापण्याची वेळ येऊ शकते.

शुद्धीवरचा माणूस पाय दुखतो म्हणून ओरडेल, बोटे हलत नाहीत असे सांगेल. एक्मोवरच्या रुग्णाला बहुतेक वेळा झोपवून ठेवलेले असते, कधी स्नायू शिथिल करणारी औषधेही चालू असतात. म्हणजे वेदना, बधिरपणा आणि लुळेपणा या वैद्यकाच्या पुस्तकातल्या तीन मोठ्या खुणा इथे आधीच बाद झालेल्या असतात. चौथी खूण नाडीची. पण यंत्राचा पंप रक्त अखंड धारेने ढकलतो, ठोक्याठोक्याने नाही, म्हणून हृदय फारसे चालत नसेल तर निरोगी पायातही नाडी हाताला लागत नाही. उरतात रंग आणि तापमान. शॉकमधल्या रुग्णाचे दोन्ही पाय तसेही गार असतात.

रंगाबद्दल इथे थांबून बोलले पाहिजे, कारण साउथॉल आणि ईलिंगमधले कितीतरी रुग्ण आपल्यासारख्या सावळ्या कातडीचे आहेत. पाय पांढरा पडणे, त्यावर निळसर जाळी उमटणे, ही लक्षणे गोऱ्या कातडीवर पटकन दिसतात. सावळ्या पायावर ती उशिरा दिसतात, आणि पाहणाऱ्याला सवय नसेल तर दिसतही नाहीत. बोटाला लावायचे ऑक्सिमीटर काळ्या-सावळ्या कातडीवर प्राणवायूचे प्रमाण प्रत्यक्षापेक्षा जास्त दाखवू शकते, हे २०२० मध्ये अमेरिकेतल्या मोठ्या अभ्यासाने पुढे आणले. ब्रिटिश सरकारने मार्गारेट व्हाइटहेड यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीने मार्च २०२४ मध्ये वैद्यकीय उपकरणांतल्या या विषमतेवर अहवाल दिला. पोटरीवर चिकटवून आतल्या प्राणवायूचा अंदाज देणारे संवेदक एक्मो कक्षात वापरतात. त्यांच्या आकड्यावरही कातडीच्या रंगाचा परिणाम होऊ शकतो. म्हणून एकट्या आकड्यावर विसंबू नये. दोन्ही पोटऱ्यांवर संवेदक लावावेत आणि त्यांच्यातला फरक व तासातासाचा कल पाहावा. नळीच्या बाजूचा आकडा दुसऱ्या बाजूपेक्षा खाली घसरू लागला की पुढच्या राउंडची वाट न बघता रक्तप्रवाहाचा आवाज ऐकवणारा डॉप्लर लावायचा.

आपल्या समाजात मधुमेह आणि हृदयविकार किती आहे याचा हिशेब या भागाने जगाला दिला आहे. १९८८ पासून पुढे साउथॉल आणि शेजारच्या ब्रेंटमधल्या सुमारे पाच हजार मध्यमवयीन रहिवाशांची तपासणी झाली आणि पुढे वर्षानुवर्षे त्यांचा मागोवा घेतला गेला. ‘सेबर’ नावाने ओळखल्या जाणाऱ्या या अभ्यासात ऐंशीव्या वर्षापर्यंत जवळजवळ निम्म्या दक्षिण आशियाई लोकांना मधुमेह झालेला आढळला. गोऱ्यांच्या तुलनेत हे प्रमाण निदान दुप्पट आहे. मात्र ब्रिटनमधल्याच दुसऱ्या अभ्यासांत, मधुमेहामुळे पाय कापावा लागण्याचे प्रमाण दक्षिण आशियाई लोकांत गोऱ्यांपेक्षा बरेच कमी दिसले. ही गोष्ट चांगलीच आहे, पण तिने निर्धास्त होऊ नये. मधुमेहाने पाय वर्षानुवर्षे झिजतो. एक्मोत तो एका रात्रीत अडतो, आणि अडतो तो नळीची जाडी व धमनीची रुंदी यांच्या हिशेबामुळे. बायका, लहान चणीची माणसे, आधीच धमन्या आकसलेले रुग्ण यांना धोका जास्त. तरुणांनाही जास्त, ही गोष्ट ऐकणाऱ्याला चकित करते. म्हाताऱ्यांच्या पायात हळूहळू तयार झालेल्या आडवाटा तरुणांच्या पायात नसतात.

आता उपायांकडे. सगळ्यात महत्त्वाचा उपाय साधा आहे: मुख्य नळी घालताना त्याच धमनीत खालच्या दिशेने दुसरी एक बारीक नळी घालायची आणि मुख्य नळीतल्या रक्ताचा थोडा वाटा तिच्यातून पायाकडे वळवायचा. तिची जाडी दोन-अडीच मिलिमीटर पुरते. ही नळी आधीच घालून ठेवावी की पाय गार पडल्यावर घालावी यावर बरीच वर्षे वाद होता. उपलब्ध अभ्यासांचा कौल आधीच घालण्याच्या बाजूचा आहे, आणि एक्मो केंद्रांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेची मार्गदर्शक सूत्रेही त्याच बाजूची आहेत. माझ्या मते पाय निळा पडण्याची वाट पाहणे आता समर्थनीय नाही. जोडीला सोनोग्राफीत पाहूनच धमनी टोचायची, तिची रुंदी मोजून काम भागेल एवढीच नळी निवडायची, जमेल तेव्हा शिरेची नळी दुसऱ्या जांघेत घालायची, आणि रक्त पातळ ठेवायचे पण रक्तस्राव होईल इतके नाही. यांतले काहीही नवे नाही.

तरीही एवढ्याने प्रश्न सुटत नाही, आणि ते सांगण्यासाठी हा लेख आहे. २०२३ मध्ये जर्मनी आणि स्लोव्हेनियातल्या रुग्णालयांत झालेल्या ‘ईसीएलएस-शॉक’ चाचणीचे निष्कर्ष आले. मोठ्या हृदयविकारानंतर शॉकमध्ये गेलेल्या ४१७ रुग्णांचा त्यात हिशेब मांडला गेला. एक्मो दिलेल्यांपैकी तीस दिवसांत ४७.८ टक्के दगावले, न दिलेल्यांपैकी ४९ टक्के. म्हणजे फरक नाहीच. पण हातापायाच्या रक्तपुरवठ्याची अशी गुंतागुंत, की ज्यात हस्तक्षेप करावा लागला, एक्मोच्या बाजूला ११ टक्के आणि दुसऱ्या बाजूला ३.८ टक्के होती. लक्षणीय रक्तस्राव २३.४ विरुद्ध ९.६ टक्के. आणि एक्मोच्या बहुतेक रुग्णांना पायाची ती बारीक नळी घातलेली होती. म्हणजे अनुभवी केंद्रांत, चाचणीच्या शिस्तीत, बारीक नळी असूनही साधारण नवातल्या एका रुग्णाच्या बाबतीत गंभीर प्रसंग उद्भवला.

बारीक नळी वाकते. तिच्यात गुठळी होते. ती चुकीच्या फांदीत गेलेली असते आणि पोटरीपर्यंत रक्त पोचतच नाही. रुग्णाला कुशीवर वळवताना ती बाहेर सरकते. ती घातली आहे एवढ्यावर कक्ष निश्चिंत झाला तर तिचा उपयोग होण्याऐवजी अपायच होतो. पाय वाचतो तो पहाऱ्यामुळे: दर तासाला दोन्ही पायांवरचे पांघरूण काढून पाहणे, डॉप्लरने आवाज ऐकणे, पोटरी दाबून ती घट्ट झाली आहे का बघणे, संवेदकाचा आकडा आणि वेळ लिहिणे. हे काम खाटेशेजारच्या नर्सचे, यंत्र सांभाळणाऱ्या परफ्युजनिस्टचे की आयसीयूच्या डॉक्टरचे, हे नळी घालण्याआधी ठरलेले असावे. बिघाड दिसला तर रक्तवाहिन्यांच्या, म्हणजे व्हॅस्क्युलर, कोणत्या सर्जनला फोन करायचा, त्याचे नाव फलकावर असावे. सहा तासांतला पहिला तास फोन कोणाला करायचा यावर गेला तर उरलेले पाच पुरत नाहीत.

पहारा ढिला पडण्याच्या जागाही ठाऊक आहेत. पहिली म्हणजे सुरुवातीची धांदल. हृदय थांबलेले, छातीवर दाब चालू, आणि त्यात धमनी टोचायची. तेव्हा बारीक नळी ‘नंतर बघू’ म्हणून राहते आणि त्या ‘नंतर’चा जाब कोणी विचारत नाही. दुसरी म्हणजे प्रवास. एका रुग्णालयातून दुसऱ्यात जाताना रुग्ण पट्ट्यांनी बांधलेला, गुंडाळलेला असतो. पाय दिसत नाहीत, आणि नळी किती वाजता घातली ही नोंद तोंडी निरोपात हरवते. तिसरी जागा सगळ्यात दगा देणारी: यंत्र सुटल्यावर. हृदय सावरले, नळी काढली, सगळ्यांनी सुटकेचा श्वास टाकला, आणि नळी होती तिथे गुठळी अडकून किंवा टाके घालताना धमनी आकसून पाय पुन्हा धोक्यात येतो. त्या रात्री पहारा दुप्पट हवा. प्रत्यक्षात तो बहुधा निम्मा होतो. याखेरीज चेतातंतूंची इजा असते. दिवसचे दिवस पाय बाहेरच्या बाजूला कलंडून पडला तर गुडघ्याखालची नस दबते आणि उठल्यावर पाऊल लोंबकळते. उशीच्या आधाराने टळणारी ही इजा रुग्णाला वर्षभर लंगडवू शकते.

महाराष्ट्राकडे पाहिले तर काळजी वाढते. ‘एक्मो’ हा शब्द आपल्याकडे डिसेंबर २०१६ मध्ये जयललितांच्या आणि २०२० मध्ये एस. पी. बालसुब्रमण्यम यांच्या शेवटच्या आजारांच्या बातम्यांतून घरोघर पोचला. कोविडच्या दुसऱ्या लाटेत नातेवाईक एक्मोच्या खाटेसाठी शहरोशहरी फोन करत होते आणि रुग्णांना विमानाने चेन्नई-हैदराबादला हलवले जात होते. आज मुंबई-पुण्यातली अनेक खासगी रुग्णालये एक्मो देतात. यंत्र विकत घेता येते. चोवीस तास पाय पाहणारी माणसे आणि हाकेच्या अंतरावरचा व्हॅस्क्युलर सर्जन यंत्रासोबत येत नाहीत. ब्रिटनने मोजक्या केंद्रांत रुग्ण एकत्र आणून जो अनुभव साठवला, तो वर्षाला चार-दोन एक्मो करणाऱ्या रुग्णालयात कुठून येणार? अशा रुग्णालयाने रुग्ण स्थिर करून मोठ्या केंद्राकडे सोपवावा, हे सांगायला मला संकोच वाटत नाही. बिलाचा आकडा दिवसागणिक चढत असताना ‘पायाचे काय’ हे विचारायचे धाडस नातेवाइकांना होत नाही, म्हणून ते डॉक्टरांनी आपणहून सांगितले पाहिजे.

लंडनमधल्या मराठी घरांतही एक गैरसमज असतो. महाराष्ट्रात नातेवाइकांच्या सहीने निर्णय होतात, त्यामुळे इथेही मुलगा किंवा नवरा सही करायला पेन काढून उभा राहतो. इंग्लंडमध्ये २००५ च्या मानसिक क्षमता कायद्यानुसार बेशुद्ध रुग्णाबाबतचा निर्णय, आधी कोणाला रीतसर अधिकार दिलेला नसेल तर, डॉक्टर रुग्णाच्या हिताचा विचार करून घेतात आणि घरच्यांशी सल्लामसलत करतात. सही लागत नाही म्हणून अनेकजण गप्प बसतात. हे चुकते. सल्लामसलत म्हणजे विचारण्याचा हक्क. उपचारात गंभीर इजा झाली तर ती उघडपणे सांगण्याचे बंधन २०१४ पासून इथल्या सरकारी रुग्णालयांवर कायद्याने आहे. २०२४ पासून इंग्लंडमधल्या अनेक रुग्णालयांत ‘मार्थाचा नियम’ लागू होऊ लागला. तेरा वर्षांच्या मार्था मिल्सच्या मृत्यूनंतर तिच्या आईवडिलांनी लढून मिळवलेल्या या नियमाने, प्रकृती ढासळते आहे असे वाटल्यास घरच्यांना दुसऱ्या तुकडीकडून तातडीने तपासणी मागता येते. तो मुख्यतः साध्या वॉर्डांसाठी आहे, पण खाटेशेजारी बसलेल्या माणसाच्या नजरेला किंमत देण्याचे त्याचे तत्त्व आयसीयूतही तितकेच लागू पडते.

तेव्हा घरातले कोणी एक्मोवर असेल तर संकोच न करता विचारा: पायासाठी वेगळी नळी घातली आहे का, नसेल तर का नाही, नळी किती वाजता घातली, दोन्ही पाय दर तासाला कोण पाहते आणि ते कुठे लिहिले जाते, व्हॅस्क्युलर सर्जन कोण. भेटीच्या वेळी नर्सची परवानगी घेऊन दोन्ही पावलांना हात लावा. एक दुसऱ्यापेक्षा गार किंवा पोटरी घट्ट वाटली तर तिथल्या तिथे सांगा आणि तुम्ही सांगितल्याची वेळ नोंदवून घ्या. नळी निघाल्यावरही पहिले काही दिवस हेच करत राहा, आणि रुग्ण घरी येण्याआधी जांघेतल्या धमनीच्या डॉप्लर तपासणीची तारीख लेखी मागून घ्या.